दोन माणसांचा तंबू

तंबू घ्यायला सगुण डिचोलीला गेला, तेव्हा त्याच्या मनात काय आहे हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि धाकटा भाऊ हातचा जाईल म्हणून त्याचा जीव टांगणीला लागलेला. कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं.

गोवा मुक्त झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी तुये गावातल्या त्यांच्या घरात मधोमध भिंत उभी राहिली. विहिरीवरून दोन जावांचं बिनसलं होतं. भावांनी गप्प बसायचं, तर तेही आपापल्या बायकांच्या मागे छाती काढून उभे राहिले. तेव्हापासून सहा वर्षं कामापुरतं बोलणं. पण तुळशीचं लग्न झालं की चार दिवस दोघे बंदूक घेऊन डोंगरात डुकराच्या शिकारीला जात. तिथे एका टोपातली पेज दोघांत व्हायची, आणि कृष्णनाथ त्याला लहानपणासारखा ‘दादा, दादा’ करायचा. सगुण वर्षभर त्या चार दिवसांवर जगत होता, असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या खेपेला अवकाळी पावसाने दोघांना रात्रभर झोडपलं. झाडाखाली कुडकुडत कृष्णनाथ म्हणाला होता, “दादा, पुरे झाली ही शिकार.” शिकार गेली की भाऊ गेला, हा हिशेब सगुणला तिथेच कळला. म्हणून हा तंबू.

डिचोलीला सखाराम नावाचा सावंतवाडीकडचा माणूस खाणीच्या ट्रकांना ताडपत्र्या शिवून देई. कृष्णनाथ तिथल्याच खाणीवर फिटर होता. दुपारच्या सुट्टीत तोही दुकानात आला. सखारामने दोन तंबू दाखवले. एक मुंबईहून आलेला, हलका, छत्रीच्या कापडासारखा. दुसरा त्याने स्वतः शिवलेला, जाड कॅनव्हासचा. त्याचं कापड चार खुंट्यांना बांधून त्याने मध्ये कळशीभर पाणी ओतलं. अर्धा तास झाला तरी खाली थेंब नाही.

“दादा, हलको घेवया,” कृष्णनाथ म्हणाला. “ह्यो एकलो माणूसय उभो करीत.”

“एकलो कित्याक? आमी दोगां नाय?”

कृष्णनाथ हसला. त्याला काय ठाऊक, की सगुणला नेमकं तेच हवं होतं! जाड तंबूचं धूड एकट्याने नेणं कठीण, उभं करायला दोघे, घडी घालायलाही दोघे. असा तंबू घरात असला म्हणजे भावाला यावंच लागेल.

“चाळीस वर्सां ह्येका मराण नाय,” सखाराम म्हणाला. “पण वापरूच्या आदी एकदा चिंब भिजवा नि सुकवा. सूत फुगता, टाक्यांची भोकां बुजतत. नायतर पयल्या पावसात शिवणीतसून गळतलो.”

ज्येष्ठ लागताच कृष्णनाथ भिंतीच्या टोकाशी येऊन उभा राहिला. सहा वर्षांत तो असा आपणहून पहिल्यांदाच आला होता. “दादा, तंबू भायर काड. पावसात भिजवून घेवया.”

सगुणला आनंद झाला, पण तो रीतीला चिकटून बसला. शिकारीची नवी वस्तू आधी डोंगरातल्या राखणदार देवापुढे ठेवायची, नारळ फोडायचा, मगच उलगडायची. बापाने बंदुकीचं तसंच केलं होतं. “नारळ फोडल्याबिगर दोरी सोडूची नाय,” तो म्हणाला. “तुळशीचा लगीन होवंदे.” कृष्णनाथ ‘बरा’ म्हणाला आणि परत गेला.

श्रावणात भिंतीपलीकडून खोकला ऐकू येऊ लागला. सगुणने तीन दिवस तो ऐकला. मागीलदारी दोर वळत बसून ऐकला. जावं असं मनात येई, पण ‘बोलावलं तर जाऊ’ म्हणून तो बसून राहिला. मूर्खपणाला काही मर्यादा असते, सगुणच्या मूर्खपणाला ती नव्हती. चौथ्या सकाळी खोकला थांबला, आणि त्याला बरं वाटलं, तोच कृष्णनाथची बायको सुलोचना हिने हंबरडा फोडला.

पावसाने दोन दिवस खळ घेतली नव्हती. गावच्या मसणवट्यावर छप्पर नव्हतं. सरण रचलं तर होतं, पण पेटणार कसं? चुलतभाऊ दत्ताराम चाचरत म्हणाला, “सगुणा, तुझो तो तंबू आसा मा?”

सगुणने माळ्यावरून तो एकट्याने खाली ओढला. नारळ फुटला नव्हता. त्याने दोरी सोडली.

कृष्णनाथला मूलबाळ नव्हतं, आणि थोरल्याने धाकट्याला अग्नी द्यायचा नसतो, म्हणून ते काम दत्तारामकडे आलं. चौघांनी चार बांबूंवर कापड उंच ताणून धरलं. उशाकडचा एक बांबू सगुणच्या हातात होता. कापड जराही झिरपलं नाही. पण मधली शिवण गळायला लागली. टप, टप करत थेंब थेट कृष्णनाथच्या कपाळावर पडू लागले.

“तू सांगी होतस रे!” सगुण ओरडला. “भिजवया म्हणी होतस! मियाच आयकाक नाय!” कुणी त्याच्या हातातला बांबू घ्यायला आलं, तर त्याने दिला नाही. तो ढसाढसा रडत होता आणि बांबू सरळ धरून उभा होता.

दत्ताराम तुपात भिजवलेल्या झावळ्यांच्या चुडी पेटवीपर्यंत सूत फुगलं आणि शिवण आपोआप बंद झाली. मग एक थेंब पडला नाही. सरण धडाडून पेटलं तेव्हा चौघे कापड घेऊन मागे सरले.

भाद्रपदात ऊन पडलं, तसा सगुणने तंबू अंगणात वाळत घातला. थोडा धुराचा वास सोडला तर कोरा करकरीत. संध्याकाळी तो घडी घालायला उठला. एका बाजूची दोन टोकं हातात धरून, पलीकडची कुणी उचलील म्हणून तो थांबला. बायको पद्मावती दुसरीकडची टोकं उचलायला आली.

“सोड ती,” तो म्हणाला.

त्याने आपली टोकं खाली ठेवली, चालत पलीकडे गेला, तिकडची उचलली, ओढत आणून पहिल्या टोकांवर टाकली. पुन्हा गेला, पुन्हा आणली. वेळ लागला, पण घडी नीट बसली. दोरी आवळून त्याने ते धूड खांद्यावर घेतलं आणि शिडी चढून माळ्यावर ठेवलं.

एकट्यालाही जमत होतं. तो शिडीवरच बसला आणि पोरासारखा रडला.