पोट पांढरं की करडं

समुद्रकाकड्या म्हणजे समुद्रतळावरचे मऊ, लांबट जीव; उकडून वाळवल्या की सगळ्या सारख्याच, करपलेल्या वांग्यांसारख्या. त्यातली भुरी जात पकडायला परवानगी आणि ठिपकी जातीला बंदी, पण दोघी सख्ख्या बहिणी! फरक कळतो तो कातडीतल्या चुन्याच्या बारीक कणांवरून. भुरीचे कण गुळगुळीत, ठिपकीचे गाठाळ. कातडीचा कपटा ब्लीचमध्ये टाकायचा, मांस विरघळलं की लगेच धुवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. त्यात प्रयोगशाळेतल्या ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्या सकाळी तिने जप्त मालातला कपटा ब्लीचमध्ये टाकला आणि भावजयीचा फोन आला. "ताई, यांची होडी अडवलीय! माल तुमच्याकडेच आलाय तपासायला. परवाना गेला तर आम्ही काय करायचं हो?"

ताईचा पाठचा एकुलता एक भाऊ. लहानपणी तो पाण्यात बुडी मारायचा आणि काठावर श्वास हिचा अडकायचा. भावजय रडत राहिली, ही समजूत घालत राहिली.

फोन ठेवून तिने कपट्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली. कण गुळगुळीत! "सुटला गं बाई," ती मोठ्याने म्हणाली. अहवाल लिहायला पेन उचललं आणि ब्लीचच्या वाटीकडे नजर गेली. इतका वेळ ठेवलं की गाठीसुद्धा झिजतात. नव्या पोरांना हेच तर ती ओरडून सांगायची.

राहू दे की, मन म्हणालं, कोणाला कळतंय? मेलं मन! लाज वाटून तिने नवा कपटा कापला. या वेळी वाटीवरून नजर हलवली नाही.

गाठी. जिकडे बघावं तिकडे गाठी.

तेवढ्यात भावाचाच फोन. "ताई, झालं का गं? पाण्यात काही ओळखू येत नाही, तुला तर माहीतच आहे."

तिला माहीत होतं. जिवंत समुद्रकाकडी उलटी करायची: ठिपकीचं पोट पांढरं, भुरीचं करडं. खडकांवर बसून तिनेच त्याला शिकवलं होतं.

"पोट बघितलं होतंस का रे?"



"बघितलं होतं," तो म्हणाला.

फोन कानाला तसाच धरून तिने आतल्या खोलीतल्या साहेबांना हाक मारली. "ही काच तुम्ही तपासा, सर. माल माझ्या भावाचा आहे."