डाव्या हातातला देव

सयाजीला कुणाची बरोबरी सहन व्हायची नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नारायणगावच्या शिवारात द्राक्षाची बाग त्याच्याआधी कितीतरी जणांनी लावली होती, पण बोलायचा असा, की हे पीक जणू यानंच शोधून काढलं. दोन हजार सालाच्या आसपास त्याचा माल परदेशी जायला लागला आणि मग तर विचारूच नका. पुण्यातल्या एका निर्यातदाराच्या मनगटावर त्यानं एकदा घड्याळ पाहिलं. तबकडीवर मीनाकारीचा मोर, पिसाऱ्यातला एकेक डोळा वेगळ्या निळ्या रंगाचा. हे हातानं रंगवतात, काचेची रंगीत भुकटी भट्टीत भाजून, असं त्या साहेबानं सांगितलं. परतीच्या वाटेवर चाकणपर्यंत सयाजीच्या डोळ्यांपुढं तोच मोर होता. मंचर यायच्या आत त्याचं ठरलं होतं. थोरल्या ऋषीचं लग्न जमत आलं होतं. पोराच्या हातात असलंच घड्याळ पाहिजे, आणि त्यावर मोरबीर नको, आपला लेण्याद्रीचा गिरिजात्मज पाहिजे.

असलं काम करणारा माणूस त्याच्याच आळीला राहत होता. कुंडलिक, शाळेतला सोबती. मुंबईच्या एका कारखान्यात महागड्या घड्याळांच्या तबकड्या रंगवण्यात कुंडलिकची उमेदीची वर्षं गेली. कारखाना बंद पडला तेव्हा विजेची छोटी भट्टी टेम्पोत घालून तो गावी आला. आता गावात ह्या कलेला कोण विचारतंय? बायका देवाचे चांदीचे टाक उजळायला आणायच्या, कुणी लॉकेटवर मीना भरून घ्यायचं, त्यावर त्याचं चालायचं. हात हलका आणि तोंड फटकळ. समोरचा कितीही मोठा असो, कुंडलिक कुणाचं ऐकून घ्यायचा नाही.

सयाजीनं नवं कोरं परदेशी घड्याळ त्याच्यापुढं ठेवलं आणि आतली तबकडी काढून आपल्या देवाची बसवायला सांगितली. कुंडलिकनं डोळ्याचं भिंग काढलं.

"देव नको, सयाजी," तो म्हणाला. "घड्याळ डाव्या हातात असतं. डावा हात दिवसभर कुठं कुठं जातो, तुला ठावं न्हाई का? द्राक्षाचा वेल काढतो. असा काढतो, की लोक घड तोडायला हात पुढं करतील."

सयाजी हसला. वेल मी रोजच बघतो, म्हणाला. पोरगं शिकलेलं आहे, घेईल काळजी, तू कशाला बाऊ करतोस? वर मैत्रीची गळ घातली. कुंडलिकनं मान डोलावली. त्यालाही मोह पडला होता, खोटं कशाला बोला. मुंबई सुटल्यापासून असलं काम त्याच्या हाताला लागलं नव्हतं.

मग तो कामाला भिडला. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून देव पुन्हा डोळे भरून पाहून आला. तांब्याची पातळ चकती घेतली, तिच्या दोन्ही अंगांना मीना चढवला, कारण एकाच अंगाला चढवला तर भाजताना चकती वाकते. एकेक रंग भरायचा, भाजायचा, निवू द्यायचा, मग पुढचा. शेंदराचा रंग सगळ्यात नाठाळ, जरा आच वाढली की करपून तपकिरी पडतो. त्यात लोडशेडिंग. भट्टी ऐन तापात असताना एकदा लाइट गेली आणि सोंडेपासून कानापर्यंत तडा गेला. कुंडलिकनं वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तडकलेली चकती त्यानं कचऱ्यात टाकली नाही, नदीत सोडून आला आणि नव्यानं बसला.

तबकडी झाली तेव्हा सयाजी ती उजेडात नेऊन पुन्हा पुन्हा बघत राहिला. खडकात कोरलेला देव, त्यावरचा शेंदूर, लेण्याच्या दारातून आत आलेला उजेड, सगळं रुपयाएवढ्या जागेत. काट्यांचं भोक अंगावर येऊ नये म्हणून देव थोडा वर बसवला होता. कुंडलिकची बायको वैजयंती चहा घेऊन आली, तिनं कप खाली ठेवला आणि आपसूक हात जोडले. सयाजीची छाती फुगली, जसं काही यानंच रंगवलं होतं.

साखरपुडा सयाजीच्या दारातच होता. मुलगी वृषाली, जुन्नरकडची. तिचे आजोबा रखमाजी माळकरी, त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. ऋषीच्या हातातलं घड्याळ सयाजी ज्याला त्याला दाखवत होता. पाहुणे वाकून बघायचे, काही जण नमस्कार करायचे. कुंडलिकलाही मुद्दाम पुढं बसवलं होतं. आमचा कलाकार, आमचा कलाकार, असं सयाजीचं चाललं होतं. जेवणं उरकली आणि ऋषीच्या मामाला मस्करी सुचली.

"का हो नवरदेव, सकाळी परसाकडं गेला तवा देवालाबी नेलं व्हतं का संगं?"

चारजण हसले. रखमाजी हसले नाहीत. त्यांनी ऋषीला जवळ बोलावलं, त्याचा डावा हात हातात घेतला, तबकडी नीट पाहिली आणि हात सोडून दिला. ह्याच हातानं का, एवढंच त्यांनी विचारलं. ऋषीचं तोंड पडलं. मुलीकडची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. ह्यांना देवाधर्माची चाड नाही, असं कुणीतरी पुटपुटलं, ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. सयाजीची आई प्रयागबाई ओट्यावरून उठून आली आणि कुणी सांगितलं रे हे असलं करायला, असं लेकाला विचारलं.

 जमलेली सोयरीक सयाजीच्या डोळ्यांदेखत मोडत होती. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"मी वेलबुट्टी सांगितली व्हती. ह्या कुंडलिकनं आपल्या मनानं देव काढला."

आता कुंडलिक खवळणार, आपली अब्रू चव्हाट्यावर आणणार, ह्या भीतीनं सयाजीनं खाली बघितलं. कुंडलिक उठला. त्यानं रखमाजींकडं पाहिलं, आतल्या दारात पदर घट्ट धरून उभ्या असलेल्या वृषालीकडं पाहिलं. मग प्रयागबाईच्या पायांना हात लावला आणि चुकलं माझं, म्हणाला. जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेला माणूस. देव खरवडून वेल काढून देऊ का, असंही त्यानं विचारलं. प्रयागबाई म्हणाली, देव काय खरवडत्यात व्हय? तिनं घड्याळ धुतलं, पुसलं आणि देवघरात नेऊन ठेवलं. रखमाजी निवळले. सोयरीक टिकली.

त्या दिवसापासून सयाजीला चैन नव्हतं. सकाळी अंघोळ करून देवापुढं उभं राहावं, तर टाकांच्या ओळीत ते घड्याळ टिकटिक करत बसलेलं. हात जोडायचीही त्याला लाज वाटायची. चटकन फूल वाहून तो बाहेर पडायचा. आणि गावानं काय केलं? बायकांनी कुंडलिककडं टाक द्यायचे बंद केले. देवाचं काम करून देवच बाटवला, असं वैजयंतीला नळावर ऐकवलं. सयाजीच्या कानावर सगळं येत होतं. बाजारात कुंडलिक समोर दिसला की हा रस्ता ओलांडून पलीकडं व्हायचा. चाळीस एकराचा मालक, आणि शाळूसोबत्याला पाहून टोमॅटोच्या कॅरेटांमागं लपायची पाळी!

शेवटी लग्नाच्या आधी तो कुंडलिकच्या घरी गेला. भट्टीवर फडकं टाकलेलं होतं. सयाजीनं हात जोडले, चुकलो म्हणाला, डोळ्यांत पाणीही आलं. वैजयंती आतून बाहेर आली नाही.

"मला काय सांगतोस? मला ठावंच हाय," कुंडलिक म्हणाला. "त्या पोरीच्या तोंडाकडं बघून गप बसलो. जिथं बोललास तिथं बोल. अक्षता पडू दे. एकदा लगीन लागलं की कोण मोडणार हाय? मग माईकवर सांग, देव मीच काढाय लावला व्हता. येवढंच."

सांगतो, सयाजी म्हणाला. गळ्याची शपथ घेतली. घरी येताना त्याला हलकं वाटलं, त्या रात्री झोपही लागली. लग्नाच्या दिवशी सकाळपासून तो मनातल्या मनात वाक्य घोळवत होता. देव मीच काढायला लावला होता. एवढंसं तर वाक्य.

मंगल कार्यालय माणसांनी खचाखच भरलं होतं. पुण्याचा निर्यातदार आला होता, पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या होत्या. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. सयाजीनं माईकवाल्याला बोलावून सांगितलं, की कुंडलिकला स्टेजवर बोलव, फेटा बांधायचाय, मग मला दोन शब्द बोलायचेत. माईकवाल्याला काय माहीत? गावात जे बोललं जात होतं, तेच त्याला माहीत. त्यानं कुंडलिकचं नाव पुकारलं आणि आपल्या पदरचं जोडून दिलं, की हातून एवढी मोठी चूक घडूनही तिला पोटात घालणारं आमच्या सयाजीरावांचं मन, मंडळी, आभाळाएवढं आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. रखमाजीसुद्धा टाळ्या वाजवत होते.

कुंडलिक पायऱ्या चढून वर आला. पांढराशुभ्र सदरा, नुकती दाढी केलेली. खाली बायकांत वैजयंती ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. सयाजीनं त्याला फेटा बांधला. शेवटचा पदर राहूनच गेला, तो शेजारच्यानं खोचला. कुंडलिकनं थोडं बाजूला सरकून त्याला माईककडं जायला वाट करून दिली.

सयाजीनं पुढं होऊन माईक हातात घेतला. समोर निर्यातदार हसून बघत होता. व्याह्यांनी हात जोडले होते. आभाळाएवढं मन, हे शब्द अजून मांडवात घुमत होते आणि, लाज वाटते सांगायला, ते त्याला गोड लागले होते. त्यानं घसा खाकरला. वाक्य ओठापर्यंत आलं. वैजयंती मान उंच करून त्याच्याकडं बघत होती.

"मंडळी," सयाजी म्हणाला, "जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका."

लोक हसत हसत उठले, पंगतींकडं निघाले. कुंडलिकनं फेटा डोक्यावरून उतरवला, न मोडता खुर्चीवर ठेवला आणि बायकोला हाक मारली. दोघं गर्दीच्या उलट दिशेनं दाराकडं चालायला लागली. सयाजीच्या हातात माईक तसाच होता, चालू होता. एवढ्या मांडवातून न जेवता गेली ती ही दोघंच.