छातीला बांधलेलं फडकं

दामिनीची छाती गोकुळाबाईनं स्वतःच्या हातांनी आवळून बांधली होती. लेकरू गेलं की बाळंतिणीला असंच फडकं बांधतात, म्हणजे दूध आटतं. सुनेचं बाळ काही गेलं नव्हतं. साडेतीन महिने आधीच आलेलं ते आठशे ग्रॅमचं पोर चंद्रपूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. पण काल डॉक्टर रंजीता उभ्याउभ्याच म्हणाल्या होत्या, "आत्ताच काही सांगता येत नाही." गोकुळाबाईच्या पहिल्या लेकराच्या वेळीही डॉक्टर हेच म्हणाला होता, आणि दिवे लागायच्या आत लेकरू गेलं होतं. मग बिचारीनं दुसरं काय समजायचं? सुनेलाही तिनं सांगून टाकलं, "आस नको धरू, माय."

सकाळी डॉक्टर वाटी घेऊन आल्या. "दूध काढलंत का? थेंबभर असलं तरी चालेल. त्याला आता तेच औषध आहे."

"कोनाले पाजता?" गोकुळाबाई म्हणाली.

डॉक्टरांची नजर फडक्यावर गेली. ओरडायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं आणि स्टूल ओढून खाटेशी बसल्या. "मावशी, मी काल बोलले, त्यातून तुम्ही काय समजलात?"

गोकुळाबाईनं सांगितलं, पहिल्या लेकराचंही सांगितलं. इतक्या वर्षांत तिला ते कुणी विचारलंच नव्हतं.

"चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "घाईत बोलले. बाळ जिवंत आहे. इथं एवढी लहान शंभर आली, तर चाळीस घरी जातात. साठ नाही जात. आपलं कशात, ते मला खरंच माहीत नाही. कळेल तसं रोज बसून सांगेन."

गोकुळाबाईचं घर मूल गावाकडच्या तलावातल्या मासोळीवर जगणारं. दरसाल मासोळीचं बीज, म्हणजे नखाएवढी पिल्लं, सोडताना ती स्वतः पाण्यात उतरायची.

"शंभरातले चाळीस? आमच्या तलावात एवढे निंगाले तं आमी नारळ फोडतो, बाई! साठ जातेत म्हनून कोनी बीज सोडाचं राह्यते का?"

फडक्याची गाठ घामानं घट्ट बसली होती. बोटांनी सुटेना, तेव्हा तिनं दातांनी सोडवली.

कालपासून भिंतीकडे तोंड करून पडलेली दामिनी वळली. "आई, तो हाये?"

"हाये, माय. मीच चुकली."

बऱ्याच वेळानं वाटीत पिवळसर चार थेंब पडले. गोकुळाबाईनं ती वाटी कुणाच्या हाती दिली नाही. दोन्ही हातांत धरून, पाऊल जपत, तिनं स्वतःच ती पेटीपर्यंत नेली.