पोस्टमनचा डावा बूट

मित्रांनो, लेस्टरमधल्या एका फुटबॉल क्लबच्या चेंजिंग रूममध्ये कपाटावर मी एकटाच बसलेला असतो. माझं कातडं सुरकुतलंय, नाक चपटं झालंय. पण हसू नका. मी ह्यू प्रॉसरचा डावा बूट आहे, आणि ह्यू डाव्या पायाचा खेळाडू होता. उजव्याकडे नुसतं उभं राहायचं काम होतं. तो उजवा बूट घर बदलताना हरवला.

ह्यू वेल्समधल्या एका डोंगराळ गावच्या छोट्या क्लबचा मिडफिल्डर. आठवडाभर पोस्टमन, शनिवारी मॅच. गोल त्याने फारसे केले नाहीत. गोल करणाऱ्यापर्यंत चेंडू पोचवणं हे त्याचं काम, म्हणजे माझंच. पेपरात नाव दुसऱ्याचं यायचं. कितीही दमला तरी तो आधी माझा चिखल काढायचा, पोटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचा, मग अंघोळीला जायचा. म्हणून तर मी सहा सीझन टिकलो.

पुढे त्याच्या गुडघ्याने दगा दिला. मी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी धूळ खात पडलो. फार वाईट वाटायचं. पण ह्यूने कोचिंगच्या परीक्षा दिल्या, बायकोच्या नोकरीमुळे लेस्टरला आला आणि बारा वर्षांखालच्या मुलींचा कोच झाला. मला त्याने इथे मानाने बसवलं. त्याचा नियम एकच: आपले बूट आपण सांभाळायचे, नाहीतर बाकावर बसायचं.

गेल्या मार्चमध्ये कप फायनल होती. आमची मिडफिल्डर अक्षया रडवेली होऊन आली. आदल्या दिवशी प्रॅक्टिसमध्ये तिचे बूट भिजले, आणि तिच्या बाबांनी, रघुवीररावांनी, मायेने ते घर गरम ठेवणाऱ्या तापलेल्या रेडिएटरवर ठेवले. उष्णतेने डाव्याचा तळ पुढून सुटून लोंबत होता. तिच्या मापाची दुसरी जोडी कुणाकडेच नव्हती.

“अगं, मला वाटलं सकाळपर्यंत ड्राय होतील,” रघुवीरराव म्हणाले. इतक्या वर्षांत मलाही थोडं मराठी कळायला लागलंय.

“इट्स ओके, बाबा. शूज माझे होते. चेक मीच करायला पाहिजे होते,” अक्षया म्हणाली. मग कोचसमोर जाऊन तिने तेच इंग्रजीत सांगितलं. बाबांचं नावसुद्धा घेतलं नाही.

ह्यूने मला खाली काढलं आणि माझी लांबलचक नाडी ओढून घेतली. त्याच्या गावचे जुने खेळाडू नाडी बुटाच्या तळाखालून दोनदा गुंडाळायचे. तशीच त्याने ती अक्षयाच्या बुटाला करकचून बांधली. पंचांनी वाकून, ओढून बघितलं आणि होकार दिला.

मॅच मी आतूनच ऐकली. शेवटी एकच गलका झाला. सगळे आमच्या संघातल्या एलाचं नाव घेऊन ओरडत होते, कारण गोल तिचा होता. त्या गोंगाटात ह्यूचा ओळखीचा घोगरा आवाज मात्र वेगळंच म्हणत होता, “पास बघितलात का अक्षयाचा?” त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा ह्यूच्या पायात असतानाही वाटला नव्हता.

मित्रांनो, भिजलेला बूट रेडिएटरवर ठेवू नका. त्याच्यात कागद कोंबा, सावलीत ठेवा, दोन दिवस धीर धरा. अक्षयाला आता नवे बूट आलेत, पण नाडी तिने माझीच ओवली आहे. मी इथे नाडीशिवाय बसतो. ती अजून खेळते आहे.