तीन अक्षरं पुसलेली फळी

मित्रांनो, तीन अक्षरं आणि एक टिंब पुसून शिरोड्याच्या दाजींना काय मिळणार होतं, ते आधी सांगते. वीतभर जागा. बस्स. त्या जागेत त्यांना एक पापलेट काढून हवं होतं.

ती जागा माझ्या अंगावरची. मी दाजींच्या होडीची जुनी फळी. बारा वर्षं खाऱ्या पाण्यात काढली. होडी मोडली तेव्हा माझ्या बाकीच्या बहिणी चुलीत गेल्या. मला मात्र दाजींच्या मुलाने, प्रीतमने, रंधा मारून कुंपणाशी उभं केलं. २००५ साली त्याने घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या, इंटरनेटवर त्यांची साइट करून घेतली आणि तिचा पत्ता माझ्यावर लिहिला. आधी तीन वेळा डब्ल्यू, मग टिंब, मग घराचं नाव, शेवटी डॉट कॉम.

माणसं दिवसभरासाठी समुद्रावर येत, दाजींची बायको आनंदी हिच्या हातचं जेवत, जाताना पत्ता टिपून घेत आणि शहरात परतल्यावर साइटवरून सुट्टीचं बुकिंग करत. घरात फोन नव्हता. म्हणून प्रीतमची बायको योगिनी दर शनिवारी एसटीने सावंतवाडीला जाई आणि सायबर कॅफेत बसून बुकिंगं वहीत उतरवून आणी. पहिल्या हंगामात वही भरली. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. खरं सांगते, मला गर्व झाला होता.

प्रीतम मुंबईत नोकरीला. पुढचा हंगामही असाच गेला तर मे महिन्यात नोकरी सोडून घरी यायचं, नाहीतर मस्कतचं दोन वर्षांचं काम धरायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्याची चार वर्षांची लेक अक्षदा कुंपणाशी उभी राहून मलाच विचारी, "बाबा कधी येतलो गो?"

आमच्याकडे नारळी पौर्णिमेआधी होड्या रंगतात. २००६ साली होड्यांवर नावं रंगवणारा गंगाराम माझ्याकडेही आला.

"हय पापलेट काढ," दाजी म्हणाले.

"जागा खंय आसा?"

"ते तीन डब्ल्यू पूस. मोठमोठ्या जाहिरातीत तरी आता खंय आसतत ते?"

"अवो, कोणाक इचारा तरी!" आनंदी पडवीतून ओरडली.

"इचारूचा काय? होडयेचा अर्धा नाव वाचला तरी लोक होडी वळाखतत मा? तसाच ह्या. आणि गो, पापलेट बघान माणूस थांबता. डब्ल्यू बघान कोण थांबलो हा?"

गंगाराम हसला आणि त्याने रॉकेलचा बोळा फिरवला. पापलेट झकास उतरलं. त्याच्या डोळ्यात दाजींचीच ऐट होती.

लोक थांबले, हे मात्र खरं. पापलेटाला हसले, पत्ता टिपून गेले. पण योगिनी शनिवारमागून शनिवार कोरी वही घेऊन परतू लागली. कॅफेत ती आपली साइट उघडून बघे. बोटांना जुनी सवय, त्यामुळे ती डब्ल्यूसकट पत्ता टाकी आणि साइट बिनतक्रार उघडे. मग दोष कोणाचा? आनंदीने तो सुनेचाच ठरवला.

"शनिवारी शनिवारी सावंतवाडी फिरान येतस, आणि वही कोरीच!"

"मग काय गिऱ्हाइकां पिशयेत घालून आणू, आई?"

नाताळ गेला, शिमगा गेला. माझ्यावर जे लिहिलं होतं, तेच मी दाखवत उभी होते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला: प्रीतमने मस्कतच्या कागदावर सही केली.

त्यानंतर दहा दिवसांनी हंगामात पत्ता टिपून गेलेल्या कोल्हापूरच्या एक बाई पुन्हा जेवायला आल्या. "खोल्या बंद केल्या वाटलं की हो! पाटीवर होतं तस्सं टाकलं, तर असं पानच नाही म्हणतंय. शेवटी दुसरीकडं उतरलो."

योगिनीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. ती त्याच पावली सावंतवाडीला गेली आणि साइट करून देणाऱ्या किरणला मोटरसायकलवरून घरी घेऊन आली.

"दाजीनू," किरण म्हणाला, "साइटीक दोन दारा आसतत. एक डब्ल्यूचा, एक बिनडब्ल्यूचा. मोठे लोक दोनय उघडी ठेवतत, म्हणान त्यांका डब्ल्यू लागणत नाय. तुमचा मी एकच उघडलेलंय. पाच मिन्टांचा काम. पण पुसूच्या आधी माका सांगूक नको?"

"आणि दुसरा दार तू आधीच उघडूक नको होतंस?" योगिनी म्हणाली. किरणने मोटरसायकल सावंतवाडीकडे वळवली. दाजी उठून समुद्राकडे चालू लागले.

मित्रांनो, आता २०१० उजाडलं. माझा रंग उडालाय, वाळवीने एक कोपरा खाल्लाय, आणि मला पुसायला कोणी येत नाही. माझं राहू द्या. पण कोणताही पत्ता छोटा करण्याआधी तो परक्या माणसासारखा एकदा चालून बघा. आपल्याला आपलं घर अंधारातही सापडतं, पाहुण्याला नाही.

बाकी कोणी काय किंमत भरली, तेही सांगते. गंगाराम मजुरी घेऊन जेवून गेला. किरणची पाच मिनिटं गेली. दाजींनी 'चुकलंय' हा एक शब्द गिळला. आनंदीने त्या दिवशी सुनेला सुरमईची मधली तुकडी वाढली. तिची माफी तेवढीच. प्रीतमने दोन वर्षं दिली. आणि ती दोन वर्षं बापाविना काढली अक्षदाने, जिला तेव्हा एकही अक्षर वाचता येत नव्हतं.