बिनतोंडाची बाहुली

“मंजुळाबाई, हिला डोळे, नाक, तोंड काही काढू नका बरं.” वच्छलाबाई मास्तरणींचं हे सांगणं अजून माझ्या कापसात बसलेलं आहे. मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे. १९२९ साली धरणगावातल्या मुलींच्या एका शाळेत, पहिलीच्या आधीच्या बिगरीच्या वर्गात माझा जन्म झाला. अंग मांजरपाटाचं, आत सरकी काढलेला कापूस, केस काळ्या दोऱ्याचे. चेहरा मात्र कोरा. मला शिवलं ते मंजुळाबाईंनी. घरोघर जाऊन मुलींना शाळेत आणायचं काम त्यांचं.

“बाई, कानबाई देवीना नारळले बी आम्ही डोया लावतस,” त्या कुरकुरल्या. “बिनडोयानी मूर्त ठेवू नई. पोरीसले दोष लागस.”

“मूर्त कुठे, बाहुली तर आहे,” बाई हसून म्हणाल्या.

रोज प्रार्थना झाली की बाई मला एका मुलीच्या मांडीवर देत आणि विचारत, “आज हिला काय झालं गं?” कोणी म्हणे हिला भूक लागली, कोणी म्हणे हिचा भाऊ हिला मारतो. मला चेहरा नव्हता, म्हणून जी ती आपलाच चेहरा मला देई. बाई ते एका वहीत टिपून ठेवत. कोणाला आपला राग ओळखता येतो, कोणाला शेजारणीचं रडू कळतं, कोण रुसलं तरी आपणहून परत येतं. ही परीक्षा चालली आहे हे मुलींना ठाऊकही नसे.

झुलाल हमालाची तानू मात्र बोलत नसे. आई पटकीच्या साथीत गेली तेव्हापासून तिचं तोंड मिटलेलं. शाळेच्या तपासणीला सरकारचे डिपोटी साहेब यायचे होते. तोवर पोर बोलली नाही तर पटावरून नाव काढू, असं मोठ्या बाईंनी बजावलं होतं. नाव काढलं की बाप तिला जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला बसवणार होता. बाई तीन महिने थांबल्या. एका सकाळी तानूने मला परकराच्या घोळात गुंडाळलं आणि म्हणाली, “तिले थंडी वाजस. तिनी माय नई शे.”

बाईंनी वही मिटून डोळे पुसले. “साहेबांपुढे एवढंच सांग हं.”

तपासणीच्या आदल्या दिवशी सोमवार होता. मंजुळाबाईंचा उपास. त्यांनी हातपाय धुतले, देवाचं नाव घेतलं आणि तांबड्या रेशमाने मला डोळे काढले, हसरं तोंड काढलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तेच मला जास्त लागतं.

बाईंनी सांगून ठेवलं होतं तसं साहेबांनी मला उचलून तानूच्या हातात दिलं; माझं नवं तोंड बाईंना तेव्हाच दिसलं. “काय झालंय बाहुलीला?”

तानूने माझं तोंड बोटाने चाचपून पाहिलं. मी हसत होते. मला थांबता येत नव्हतं.

“अगं, हसतेय की. दिसत नाही?” साहेब म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. तानूने मला खाली ठेवलं. बाईंनी वही पुढे केली. साहेबांनी दोन पानं चाळली. “यात पाढे कुठे आहेत?” मग तानूच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, ‘मंद’.

बाप न्यायला आला तेव्हा बाई तानूपुढे वाकल्या. “हिचं तोंड उसवते आणि तुझ्याकडे घेऊन येते.” झुलालचं घर चार गल्ल्यांवर होतं. बाई गेल्या नाहीत. आधी लाज आडवी आली, मग नोकरीची भीती. पुढे तर तानूचं लग्नच झालं.

माझं मात्र कौतुक झालं. किती गोड हसते, म्हणत. मला काय झालं असं विचारलं की प्रत्येक मुलगी एकच सांगे, हसते. गालावर पाच बोटं उमटलेली एक पोरसुद्धा तेच म्हणाली. पुढे मी कपाटात नकाशांच्या मागे पडले. उंदरांनी पाय कुरतडला. हसू तेवढं शाबूत राहिलं.

मित्रांनो, एखादं मूल गप्प दिसलं तर त्याच्या तोंडावर आपलं हसू शिवू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला वेळ लागला तर लागू द्या.

आज बाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस. त्यांनी मला बाहेर काढलं, खिडकीशी बसून सुईने एकेक टाका उसवला. दोरा निघाला, भोकं राहिली.

“कोठे निंघन्यात?” म्हाताऱ्या मंजुळाबाईंनी विचारलं.

“नशिराबादला. तानू तिथे दिली आहे.”

मंजुळाबाईंनी खाली पडलेला तांबडा दोरा वेचला आणि पदराच्या गाठीत बांधला. बाईंनी मला पदराखाली घेतलं, वहाणा घातल्या, फाटक हळूच ओढून घेतलं आणि स्टेशनाची वाट धरली.