ओली गोणपाटं

आईला सगळा धक्का कप्तान म्हणायचा, आणि घरात आम्हीही. लग्नाआधीच तिने स्वतःच्या कमाईतून शिडाची लाकडी बोट बांधून घेतली होती. बाबा पाण्याला भ्यायचे. त्यामुळे स्वयंपाकघर त्यांचं, बोट तिची आणि भांडणं दोघांची. धाकट्याच्या वेळी आठवा महिना लागेपर्यंत ती सुकाणूवर होती. पोट आड येतं म्हणून तिने सुकाणूचा दांडा वीतभर कापून घेतला. कापून दिला सुतारकाकांनी. बोट त्यांनीच बांधली होती, आणि पुढची पन्नास वर्षं तिची डागडुजीही त्यांचीच.

परवा शोकसभेत मी हे सगळं रंगवून सांगितलं. लोक हसले, डोळे पुसले, माझ्या पाठीवरून हात फिरवला. सुतारकाका आले नव्हते. का आले नव्हते ते त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं, आणि तरी माझी जीभ चुरूचुरू चालत होती. लाज वाटायला हवी होती. ती काल वाटली.

सहा वर्षांपूर्वी, कप्तान त्र्याहत्तरची असताना, परत येताना तिला धक्क्याचा खांब दिसलाच नाही. काकांनी दांडा हिसकला म्हणून वाचलो. बोटीत आम्ही तिघंच होतो. घरी कुणी बोलायचं नाही, असं तिने बजावलं. आता बोट काढू नकोस, असं तिला तोंडावर सांगायला हवं होतं. पण तिच्याशी वाद घालून जिंकलेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. मग मी बंदर कार्यालयात एक निनावी पत्र टाकलं. तिचा परवाना गेला आणि बोट किनाऱ्यावर ओढली गेली.

अधिकाऱ्याने तिला ते पत्र वाचून दाखवलं. त्यात खांबाची हकीकत होती. घरी येऊन चपला काढता काढता ती म्हणाली, "सुतार फितूर निघाला. आता त्याने माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही."

पोटच्या पोरीचा तिला संशयही आला नाही. मी भाजी चिरत होते, चिरत राहिले. काका दोनदा आले. तिने कारण न सांगता दार लावून घेतलं. माझ्याकडून फक्त दोन वाक्यांचं काम होतं. ते सहा वर्षांत झालं नाही, आणि मग ती गेली.

काल मी बोट बघायला गेले. लाकडी बोट जमिनीवर पडून राहिली की फळ्या सुकतात, फटी पडतात, मग ती तरंगत नाही. एव्हाना तिची चाळण झाली असणार, मोडीत काढू, असं धाकट्याचं म्हणणं होतं. मी ताडपत्री उचलली. आत गोणपाटं अंथरलेली होती. ओली. खालच्या फळ्या एकमेकींना घट्ट धरून होत्या.

मागून काका बादली घेऊन आले. ऐंशी ओलांडलेला माणूस, दोन पावलांगणिक थांबत.

"एक दिवसाआड भिजवतो," ते म्हणाले. "म्हटलं, राग गेला की येईल ती. तेव्हा बोट तयार हवी." मग त्यांनी विचारलं, "माझं काय चुकलं, ते कधी बोलली का गं?"

आताही मी गप्प राहू शकले असते. मला खोटं पाडणारं कुणी उरलंच नव्हतं. पण त्या ओल्या गोणपाटांकडे बघून मला स्वतःची किळस आली. पत्र मी लिहिलं, तिने ते तुमच्या नावावर टाकलं, आणि मी टाकू दिलं, असं मी सांगितलं. पत्राचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

त्यांनी बोटीच्या कडेला हात टेकला.

"म्हणजे जाताना तिच्या मनात मी फितूरच होतो?"

"हो," मी म्हणाले.

काकांनी बादली उचलली आणि गोणपाटांवर सावकाश पाणी ओतलं, कोपऱ्यांसकट. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जा आता."